नागपूरला बदली झाली? पहिली सहल घराजवळची काढा : रामटेक-पेंचचा दोन दिवसांचा आराखडा

पुण्या-मुंबईहून बदली होऊन नागपुरात आलेल्या कुटुंबाला पहिली जोडून सुट्टी मिळाली की घरात एकच ठराव होतो : परत जाऊन येऊ. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाल्यापासून तर हा मोह फारच वाढलाय. ७०१ किलोमीटर, सरळसोट रस्ता, गाडी काढली की झालं. मी मात्र ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते, पहिली सुट्टी तिकडे घालवू नका. मुलं नुकती कुठे नव्या शाळेत शेजारच्या बाकावरच्याशी बोलायला लागलेली असतात. जुन्या सोसायटीत दोन दिवस खेळून आली की रविवारी रात्री पुन्हा तीच रडारड. मोठ्यांचंही फारसं वेगळं नसतं, ते रडत नाहीत एवढंच.

त्याऐवजी नव्या घरापासून दीड तासावर जा, एक रात्र राहा आणि परत या. नागपुरात हे सहज जमतं, कारण उत्तरेला सत्तर किलोमीटरच्या आत डोंगरावरचं देऊळ, तलाव, वाकाटक राजांची जुनी राजधानी आणि वाघांचं जंगल असं सगळं एकाच रस्त्याला आहे. खालचा आराखडा त्याच रस्त्याचा, दोन मुलं आणि गुडघे दुखणारी एक आजी धरून केलेला.

आधी : नक्की कधी निघायचं

सामान आल्यावर लगेचच्या शनिवारी नको. गॅसची जोडणी, शाळेची बस, कामाला येणाऱ्या ताईंच्या वेळा आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था या चार गोष्टी मार्गी लागल्या की निघायचं. बाकी खोकी बंद असली तरी चालतील. उलट ‘घर पूर्ण लागलं की जाऊ’ म्हणणारे दिवाळीपर्यंत कुठेही जात नाहीत. घर पूर्ण लागत नसतंच.

दुसरी अट हवामानाची. पुण्याच्या सवयीने इथल्या ऋतूंचा अंदाज बांधू नका. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सकाळी दहानंतर बाहेर फिरणं ही चैन नसून शिक्षा असते. जून-जुलैत बदल्या होऊन येणाऱ्यांना पावसाळा सापडतो. तेव्हा रामटेक हिरवंगार असतं, पण पेंचचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. ऑक्टोबरमध्ये ऊन पुन्हा उसळी मारतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली उतरू शकतं आणि जंगलाजवळ थंडी त्याहून जास्त जाणवते. पुण्यातला तो पातळ स्वेटर इथे उपयोगाचा नाही.

तारीख ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि अमावस्या कधी आहे ते बघा. कारण पुढे सांगते.

किती लांब, किती वेळ

मी ठरवलेलं माप असं : घरापासून गाडीने जास्तीत जास्त दीड-दोन तास, मुक्काम एक रात्र, शनिवारी सकाळी निघून रविवारी उजेडात परत. माप लहान वाटेल, पण घर बदललेलं कुटुंब आतून दमलेलं असतं. स्थलांतराचा शीण चार-सहा आठवडे उतरत नाही. अशा वेळी चिखलदऱ्याला सव्वादोनशे किलोमीटर आणि वर घाट, हे पहिल्या फेरीत कुणी करू नये. ताडोबाचंही तेच. मोहर्ली गेट नागपूरहून दीडशे किलोमीटरच्या आतच आहे, पण पहाटेच्या सफारीसाठी आदल्या दिवशी धावपळ करत पोचणं म्हणजे सुट्टीतही हजेरी लावण्यासारखं. ‘नागपूरला आलात आणि ताडोबा नाही पाहिलं?’ असं विचारणारे पाहुणे पुढे बरेच भेटतील. तेव्हा जाच.

ठिकाण निवडण्यापूर्वी मोबाइलवर तासभर घालवण्यापेक्षा तीन माणसांना विचारा : इमारतीचा चौकीदार, कोपऱ्यावरचा किराणावाला आणि ऑफिसातला कुणीतरी मूळचा रामटेक-भंडाऱ्याकडचा. प्रश्नही नेमका विचारा. ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ म्हटलं की दीक्षाभूमी, फुटाळा, झिरो माइल अशी शहराची यादी मिळते. ‘तुम्ही घरच्यांना घेऊन रविवारी कुठे जाता, भाऊ?’ विचारलं की खरी उत्तरं येतात. कुणी अदासाचा गणपती सांगतो, कुणी खिंडसी, कुणी म्हणतो ‘काकूंना घेऊन धापेवाड्याला जा, चढायला काही नाही’. यातून सहल तर ठरतेच, वर सोमवारी भेटल्यावर बोलायला एक विषय होतो. नव्या गावात हे लहान नाही.

रस्ता समजून घ्या

नागपूरहून कामठी, कन्हान करत राष्ट्रीय महामार्ग ४४ ने उत्तरेला निघायचं. हाच रस्ता पुढे सिवनी-जबलपूरला जातो. साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर मनसर लागतं, तिथून उजवीकडे सहा-सात किलोमीटरवर रामटेक. परत महामार्गावर येऊन उत्तरेला गेलं की पवनी, आणि तिथून आत वळल्यावर पेंचचं सिल्लारी गेट. नागपूर ते सिल्लारी सरळ गेलात तर सत्तर किलोमीटरच्या आसपास.

इथे दोन फसव्या जागा आहेत.

पहिली, पवनी दोन आहेत. आपल्याला हवी ती रामटेक तालुक्यातली, महामार्गावरची. दुसरी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठी, जुन्या स्तूपांसाठी प्रसिद्ध. नकाशात नुसतं ‘पवनी’ टाकलं तर गाडी थेट दुसऱ्या दिशेला निघते. म्हणून ‘सिल्लारी’ टाका.

दुसरी जास्त महागात पडणारी : पेंचही दोन आहेत. नदी एक, जंगल सलग, पण निम्मं मध्य प्रदेशात. तिकडचं तुरिया गेट जास्त प्रसिद्ध, आणि ते आपल्या खुर्सापार गेटपासून जवळच आहे, त्यामुळे घोळ होतो. दोन्ही राज्यांचं बुकिंग वेगवेगळ्या संकेतस्थळांवर होतं. महाराष्ट्राच्या बाजूची गेटं म्हणजे सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा. पैसे भरण्यापूर्वी परवान्यावर यातलंच नाव आहे ना, ते वाचा. मुक्काम सिल्लारीला आणि सफारी तुरियाला असं निघालं तर पहाटेच्या थंडीत राज्याची हद्द ओलांडून धावावं लागेल.

गाडी नसेल तर? गणेशपेठच्या मुख्य बसस्थानकावरून रामटेकला एसटी मिळते, इतवारीहून रेल्वेही जाते. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ ला निम्मं. आजी, आई आणि मुली असं कुटुंब असेल तर प्रवासखर्च जवळपास विसरूनच जा. मात्र एसटीने जाणार असाल तर पेंच गाळा. रामटेक, खिंडसी आणि नगरधन एवढंच ठेवून तिथे रिक्षा ठरवा.

पैशांचं गणित

घर बदलल्यावर खात्यात काय उरतं ते सगळ्यांना माहीत आहे. घराची अनामत, दलाली, सामानाचा ट्रक, शाळेचं प्रवेशशुल्क, नवे पडदे. म्हणून आकडा आधी ठरवा आणि सहल त्यात बसवा.

सगळ्यात मोठा खर्च सफारीचा. परवाना, जिप्सी आणि गाइड मिळून खर्च गाडीमागे लागतो, माणसामागे नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. पाच-सहा जणांचं कुटुंब असेल तर परवडतं, नवरा-बायको आणि एक मूल असेल तर तोच खर्च तिघांवर पडतो. माझं मत विचाराल तर सहा वर्षांखालचं मूल असेल तर या फेरीत सफारी करूच नका. चार तास उघड्या गाडीत गप्प बसणं ही त्या वयाकडून भलतीच अपेक्षा आहे, आणि वाघ दिसेलच अशी हमी कुणी देत नाही. मूल कंटाळलं की गाइडसकट सगळ्यांचा जीव टांगणीला. सफारी वगळली तरी ही सहल अर्धवट वाटत नाही, ते पुढे दिसेलच.

मुक्कामाला सिल्लारीत वनखात्याचं निवास संकुल आहे, आसपास खासगी रिसॉर्टही बरेच आहेत. खासगी ठिकाणी दर विचारताना जेवण धरून की वेगळं, आणि शनिवारचा दर की मधल्या वाराचा, हे दोन प्रश्न आधी. तिसरा आजीसाठी : खोली तळमजल्यावर आहे का आणि संडास कमोडचा आहे का. फोनवर ‘हो हो, सगळं आहे’ म्हणतात. व्हॉट्सॲपवर खोलीचा आणि न्हाणीघराचा फोटो मागवून घ्या.

निघण्यापूर्वीचा आठवडा

सफारीचं बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा तारीख नक्की झाली की सगळ्यात आधी हे. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक तिथे भरावा लागतो आणि गेटवर मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. आधारवर जुना पत्ता असला तरी इथे काही बिघडत नाही. नावाची अक्षरं मात्र परवान्यावर आणि कार्डावर सारखी हवीत. मुलांची आधारकार्डं कुठल्या खोक्यात आहेत हे शुक्रवारी रात्री आठवत बसण्यापेक्षा आजच शोधा.

गाडीचा क्रमांक एमएच-१२ असो की एमएच-०४, राज्य तेच असल्याने तो बदलायची गरज नाही. पण गाडी ट्रकवरून आली असेल तर टायरमधली हवा, बॅटरी आणि कूलंट एकदा बघून घ्या. वाहतूकवाले टाकीत जेमतेम इंधन ठेवायला सांगतात, ते लक्षात ठेवून आदल्या दिवशीच भरा. पीयूसीची मुदत बदलीच्या गडबडीत हमखास संपलेली असते. विमा आणि आरसी डिजिलॉकरमध्ये घालून ठेवा, म्हणजे कागदांचं खोकं फोडायला नको.

नवं घर बंद ठेवताना थोडी काळजी जास्त. कुलूप आधीच्या भाडेकरूंच्या काळातलंच असेल तर ते बदलल्याशिवाय मुक्कामाला जाऊ नका. दुधवाल्याला सांगा, कूलरचा पंप बंद करा, गॅसचा रेग्युलेटर काढा, आणि पाण्याचा मुख्य कॉक फिरवून बंद होतो का हे एकदा तपासा. नव्या घरात कुठला कॉक कशाचा हे आपल्याला अजून ठाऊक नसतं.

सामान : खोकी न फोडता

तुम्ही अजून जुन्याच घरी असाल आणि पॅकिंग चालू असेल तर एक खोकं वेगळं काढून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सहल’ लिहा. त्यात बॅटरी, थर्मास, दुर्बीण, सतरंजी, टोप्या, पावसाळी जाकिटं आणि औषधांची डबी घाला. इथे आल्यावर हे खोकं सगळ्यात वर राहील असं बघा.

सामान आधीच आलेलं असेल तर सहलीसाठी बारा खोकी उघडण्याचा उद्योग करू नका. जे सापडत नाही ते मागून घ्या किंवा नव्याने घ्या. शेजाऱ्यांकडे थर्मास मागायला जाणं ही ओळख वाढवायची चांगली सबब आहे.

हिवाळ्यात जात असाल तर कानटोपी, हातमोजे आणि प्रत्येकी एक जाड शाल. जिप्सी उघडी असते आणि पहाटेचा वारा हाडात शिरतो. कपडे मळखाऊ रंगांचे : मातकट, खाकी, गडद हिरवे. लाल-पिवळं आणि पांढरंशुभ्र नको. उन्हाळ्यात निघणार असाल तर शेला किंवा मोठा रुमाल डोक्याला बांधायला, आणि पाणी प्रत्येकी दोन लिटर गाडीत.

शनिवार : गड, वाकाटक आणि तलाव

सकाळी सातला निघा. घरून डबा घेऊन निघायची गरज नाही, नागपूरची तर्री-पोहे ही न्याहारी रस्त्यात कुठेही मिळते. मुलांसाठी तर्री वेगळ्या वाटीत मागा. तिची लाली दिसते त्याहून तिखट असते.

रामटेकला नऊच्या आत पोचलात तर गडमंदिर उन्हाआधी होतं. गाडी डोंगरावर बरीच वरपर्यंत जाते, त्यानंतर थोड्या पायऱ्या. आजींना तेवढ्या जमतील. अंबाळा तलावाकडून वर येणारा जुना पायऱ्यांचा रस्ताही आहे. मुलांना आणि बाबांना तिकडून चढू द्या, आजींनी आणि गाडीने वर भेटायचं. प्रसादाची पिशवी उघडी हातात धरू नका. इथली माकडं प्लॅस्टिकचा आवाज ओळखतात, आणि चष्मा, खाऊ यात फारसा भेद करत नाहीत.

बहुतेक लोक रामाचं दर्शन घेऊन खाली उतरतात. तुम्ही उतरू नका. याच डोंगरावर पाचव्या शतकातली वाकाटकांची नरसिंहाची देवळं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. आत बसलेला दणकट दगडी नरसिंह बघून मुलं गप्प होतात. जवळच एकसंध दगडातला भलामोठा वराह आहे. ही देवळं महाराष्ट्रात उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या बांधीव मंदिरांपैकी आहेत. पुण्याहून आलेल्या मुलांचा इतिहास शनिवारवाड्यापासून सुरू होतो. त्यांना इथे तेराशे वर्षं मागे नेता येतं. मेघदूतातला रामगिरी तो हाच, अशी परंपरा आहे, म्हणून इथे कालिदासाचं स्मारकही उभारलंय. आत चित्रं आहेत, वाऱ्याची जागा आहे. आजींना बसायला हीच निवडा.

खाली उतरल्यावर दोन पर्याय. मुलं दहा वर्षांवरची असतील तर नगरधन. रामटेकपासून सहा-सात किलोमीटरवर, आज किल्ला असलेलं गाव. वाकाटकांची नंदिवर्धन राजधानी ती हीच. इथल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली. ही चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी, नवरा गेल्यावर मुलं लहान असताना तिने स्वतः राज्य चालवलं. मनसरच्या हिडिंबा टेकडीवरचं विटांचं बांधकाम म्हणजे तिच्या मुलाची, दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे बदली आणि नवं घर हे या पट्ट्याला नवीन नाही, आख्खी राजधानीच हलवली होती.

मुलं लहान असतील तर इतिहास सोडा, खिंडसीला जा. रामटेकपासून जवळच, डोंगरांच्या कुशीतला मोठा तलाव, नौकाविहार आहे. लाइफ जॅकेट अंगावर बसतं का हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत स्वतः बघा. मोठ्यांच्या मापाचं जॅकेट नुसतं गळ्यात अडकवून काही होत नाही.

दोन्ही करू नका. दुपारचं जेवण रामटेकलाच उरका. सावजी हॉटेल दिसलं आणि मोह झाला तर मोठ्यांनी खुशाल खावं, पण रात्री मुक्काम नव्या जागी आहे आणि पोटाला अजून इथल्या पाण्याची सवय नाही, हे लक्षात घेऊन. मुलांसाठी वरण-भात-पोळी सगळीकडे मिळते.

तीनच्या सुमारास सिल्लारीकडे निघा. खोलीवर पोचल्यावर तास-दीड तास काहीही करायचं नाही. मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे ऑफिसला आधीच सांगून ठेवा.

रात्र : ज्यासाठी अमावस्या बघितली

पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं. पण अलीकडे त्याला वेगळाच मान मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या बाजूचा पेंच व्याघ्रप्रकल्प हे भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून जाहीर झालं. म्हणजे रात्रीचा खरा अंधार जपलेली जागा. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली जमिनीकडे उजेड टाकणारे बसवले.

शहरातल्या मुलांनी आकाशगंगा पाहिलेली नसते. बऱ्याचदा त्यांच्या आईवडिलांनीही नाही. जेवण झाल्यावर रिसॉर्टवाल्यांना अंगणातले दिवे अर्धा तास मालवायला सांगा. इथले लोक ऐकतात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि मध्ये एकाने जरी मोबाइल पेटवला तरी ती पहिल्यापासून मोजावी लागतात. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद गुंडाळून ठेवा.

हिवाळ्यात मृग नक्षत्र शोधायला सगळ्यात सोपं : एका रेषेत तीन तारे. त्या रेषेने खाली गेलं की व्याध, आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. वर उलट्या दिशेला रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा झुबका. कृत्तिकांमधले किती तारे कुणाला दिसतात यावर मुलांची पैज लावा. आजींना मात्र नावं विचारा, त्यांना पंचांगामुळे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. पावसाळ्यात हा सगळा कार्यक्रम रद्द. पौर्णिमेच्या आगेमागे गेलात तर चांदणं सुंदर पडेल, तारे थोडेच दिसतील.

कुंपणाबाहेर रात्री फिरायला जाऊ नका, अगदी रस्त्यापर्यंतसुद्धा. हे जंगल आहे आणि बिबट्याला रिसॉर्टची हद्द माहीत नसते.

रविवार

सफारी असेल तर उजाडण्याआधी गेटवर. न्याहारी बांधून मागा. आजींना जिप्सीच्या मधल्या रांगेत बसवा, मागच्या बाकाला धक्के सगळ्यात जास्त बसतात. आत उतरता येत नाही आणि स्वच्छतागृहाची सोय मोजक्याच जागी असते, तेव्हा चहा परत आल्यावर. मोबाइलबाबतचे नियम आता कडक झालेत. तो गेटवर द्यावा लागेल असंच धरून चाला आणि मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

मुलांच्या हातात ‘वाघ दिसला तर’ची यादी देऊ नका. कोतवाल, नीलपंख, मोर, चितळ, सांबर, गवा, रानकुत्रे आणि घोस्ट ट्री, म्हणजे कुलूचं पांढरंफटक झाड, अशी यादी द्या. मग सकाळ वाया जात नाही. चितळ किंवा वानर अचानक ओरडायला लागलं की गाइड गाडी थांबवेल. तेव्हा पाच मिनिटं खरोखर कुणीच बोलायचं नाही.

सफारी नसेल तर उशिरा उठा आणि महामार्गावरूनच उत्तरेला थोडं जाऊन या. राष्ट्रीय महामार्ग ४४ चं चौपदरीकरण या जंगलातून होताना प्राण्यांचा मार्ग तुटू नये म्हणून महाराष्ट्राच्या बाजूला नऊ ठिकाणी रस्ता वर उचलून खालून वाट ठेवली. त्यातली सगळ्यात लांब तब्बल ७५० मीटर. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघांसकट अनेक प्राणी या वाटांनी ये-जा करताना टिपले गेले. वरून गाडी जाते तेव्हा रस्त्याच्या कडेला उंच पडदे दिसतात. उजेड आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून ते आहेत. मुलांना आधी सांगा, म्हणजे ती पडदे मोजत बसतात. थांबून खाली उतरायचं मात्र नाही, ती जागा माणसांसाठी नाही.

अकरा-बाराला खोली सोडा. परतताना कामठीला ड्रॅगन पॅलेस हे १९९९ साली उघडलेलं बौद्ध मंदिर वाटेत लागतं. शांत आहे, स्वच्छ आहे, चालणं फार नाही. थकलेल्या मुलांना तिथल्या बागेत अर्धा तास मोकळं सोडता येतं. हंगाम असेल तर रस्त्यात संत्री घ्या. आंबिया बहराची साधारण ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये येतात, मृगाची फेब्रुवारीनंतर. ज्या शेजाऱ्यांचा थर्मास आणला होता, त्यांना त्यातली डझनभर द्यायची आहेत हे धरूनच घ्या.

घरी तीन-चारपर्यंत पोचायलाच हवं. अंधार पडल्यावर या महामार्गावर जड ट्रक वाढतात, हे एक कारण. दुसरं असं की नव्या घरात संध्याकाळच्या उजेडात आलेलं बरं. दिवे कुठे, चावी कुठली, पाणी चालू आहे का हे सगळं सुचतं, आणि सोमवारचे गणवेश वाळत घालायला वेळ मिळतो.

काही बिघडलंच तर

तापाचं, उलटीचं आणि पोटाचं औषध, ओआरएसची पाकिटं आणि आजींच्या गोळ्यांचा डॉक्टरांनी लिहिलेला कागद सोबत हवा. नव्या शहरात तुमचा डॉक्टर अजून ठरलेला नसतो, त्यामुळे निघण्यापूर्वी घराजवळच्या एका बालरोगतज्ज्ञाचा आणि एका रुग्णालयाचा क्रमांक फोनमध्ये घाला. किरकोळ दुखण्यासाठी रामटेकला डॉक्टर आहेत, त्यापुढे नागपूर दीड-दोन तासांवर. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पुढच्या फेऱ्यांसाठी

महिन्या-दीड महिन्याने सेवाग्राम-पवनार करा, पंच्याहत्तर किलोमीटर, एका दिवसात होतं. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, विनोबांचा आश्रम धाम नदीच्या काठी आहे. मुलांना जंगल आवडलं असेल तर बोर, क्षेत्रफळाने लहानसा व्याघ्रप्रकल्प, गर्दी कमी. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य जवळ आहे, पण शनिवार-रविवारी गाड्यांची झुंबड असते, मधला वार मिळाला तर जा. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो हे बुकिंग करताना लक्षात ठेवा. फक्त अर्धा दिवस हातात असेल तर शहरातच गोरेवाडा प्राणिउद्यान आहे. आणि चिखलदरा पावसाळ्यात, सलग तीन दिवसांची सुट्टी असेल तेव्हाच.